टेपचा हुक ठोकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत घरगुती सुतारकामाच्या युक्त्यांवर पानभर मजकूर आला. वाचून बरं वाटलं, कारण एरवी पुरवणीत 'घर' म्हटलं की पडदे, कुंड्या आणि भिंतींचे रंग यांच्यापलीकडे कुणी जात नाही. पण त्यातली तिसरी युक्ती चुकीची आहे. तिच्यापायी आमच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचं बुटांचं कपाट बिघडलं, म्हणून हे पत्र.

मापाच्या टेपचा टोकाचा हुक डुगडुगत असेल तर रिव्हेट ठोकून तो घट्ट करावा, म्हणजे माप अचूक येतं, असं त्यात म्हटलं आहे. संपादक महाशय, तो हुक डुगडुगण्यासाठीच बसवलेला असतो. रिव्हेटची भोकं मुद्दाम लांबट ठेवतात आणि हुक सरकतो तो बरोबर स्वतःच्या जाडीइतका, म्हणजे साधारण १ मिलिमीटर. फळीच्या कडेला अडकवून ओढलात की तो बाहेर येतो आणि शून्य त्याच्या आतल्या अंगाला लागतं. दोन भिंतींमधलं अंतर घेताना टोक भिंतीला टेकवलंत की तो आत जातो आणि शून्य बाहेरच्या अंगाला लागतं. हुकाच्या जाडीचा हिशेब टेप आपला आपण करतो. ठोकलात की तो हिशेब संपला. आणि गंमत बघा, ओढलेल्या स्थितीत ठोका नाही तर ढकललेल्या, फळी आखूडच पडते. पहिल्या वेळी कपाटाच्या आतलं माप १ मिलिमीटर कमी वाचलं जातं, दुसऱ्या वेळी फळीवरची खूण १ मिलिमीटर अलीकडे पडते. शेजाऱ्यांनी दुपारी हुक ठोकला आणि संध्याकाळपर्यंत पाच फळ्या कापल्या. पाचांच्याही टोकाला फट, फटीतून पलीकडचा उजेड. "पुरवणीत आलंय हो," एवढंच ते परत परत म्हणत होते.

हुक खरोखरच बिघडला आहे का, हे बघायला ३०० मिलिमीटरची स्टीलची पट्टी पुरते. एकदा टेप पट्टीच्या टोकाला अडकवून बघा, एकदा पट्टी आणि टेप दोन्ही शेजारी-शेजारी भिंतीला टेकवून बघा. दोन्ही वेळा ३०० आलं तर हुक ठणठणीत आहे. वाकलेला असेल तर १० सेंटीमीटरच्या रेघेपासून मोजायची एक पद्धत आहे. तीत धोका एकच, १० चा हिशेब विसरण्याचा. मी विसरलो आहे. ६० ची फळी ५० ची झाली आणि चौरंगाऐवजी पाट करावा लागला.

मी मुळात लाकडाचा माणूस नव्हे. औंधच्या आयटीआयमधून फिटर झालो, १९७८ साली भोसरीच्या एका कारखान्यात ॲप्रेंटिस लागलो आणि पुढची सगळी नोकरी टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची हत्यारं आणि साचे बनवायच्या खात्यात, काढली. आता कर्वेनगरच्या फ्लॅटच्या मागच्या गॅलरीत, नऊ बाय चार फुटांत, माझं वर्कशॉप आहे. एका बाजूला वॉशिंग मशीन, दुसऱ्या बाजूला बाकडं, मध्ये मी. खालच्या मजल्यावरच्या वहिनींचे कपडे दोरीवर असले की करवत बंद, कारण भुसा थेट त्यांच्या चादरींवर जातो.

लाकडाचं जे काही कळतं ते टूलरूमशेजारच्या पॅटर्न शॉपमुळे. ओतकामाचे लाकडी नमुने तिथे व्हायचे. ॲप्रेंटिस असताना एकदा माझी पट्टी सापडेना, म्हणून तिथल्या मिस्त्रींच्या टेबलावरची उचलली आणि ३०० मिलिमीटरचा तुकडा कापला. साहेबांनी मोजला तो ३०३. मी परत त्याच पट्टीने मोजला, ३००! घाम फुटला. नंतर उलगडा झाला. बिडाचं ओतीव थंड होताना मीटरमागे साधारण १० मिलिमीटर आकसतं, म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो. दर मापाला हिशेब करत बसायला नको म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच तेवढी लांब आखलेली असते. मिस्त्री हसून म्हणाले, "पट्टी खोटी नाही रे. तू तिला न विचारता उचललीस."

त्या दिवसापासून एका कामाला पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच टेप, आणि जमेल तिथे टेपच नको, हे अंगवळणी पडलं. आपल्या पुरवणीत 'दोनदा मोजा, एकदा कापा' हे ठळक अक्षरांत आहे. माझं म्हणणं, मोजूच नका, माप लाकडावरून लाकडावर न्या. स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात फळी बसवायची असेल तर दोन रिपा घ्या, एकमेकींवर ठेवा, दोन्हींची टोकं दोन भिंतींना भिडेपर्यंत सरकवा आणि आडवी पेन्सिलीची रेघ मारा. बाहेर आणून रेघ जुळवली की कोनाडा तुमच्या हातात आला. आकडा नाही, बेरीज नाही, चष्मा नाही. कोनाड्याच्या मागे एकदा आणि पुढे एकदा, असं दोनदा करा. माझ्या कोनाड्यात मागे आणि पुढे ७ मिलिमीटरचा फरक निघाला, म्हणजे दोन सुतांहून (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त. आमच्या बिल्डरकडे गुण्या (काटकोन तपासायचं अवजार) नव्हता, असं मी समजतो. चौकट काटकोनात आहे का हेही रिपेनेच बघावं. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत रीप लावून खूण करा, मग दुसरा कर्ण ताडून पाहा. दोन्ही सारखे, तर चौकट सरळ. गुण्या पडून वाकडा होऊ शकतो, कर्ण होत नाहीत.

आता पुरवणीत जे अजिबात आलं नाही त्याबद्दल. हवेबद्दल.

निवृत्तीनंतरचं माझं पहिलं मोठं काम म्हणजे देव्हारा. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून सागवान आणलं. (तिथे जाताना घनफुटाचा हिशेब येत असलेला बरा. फुटांतली लांबी गुणिले इंचांतली रुंदी गुणिले इंचांतली जाडी, भागिले १४४. सात फूट लांब, सहा इंच रुंद, दोन इंच जाड फळी म्हणजे ८४ भागिले १४४, अर्ध्या घनफुटाच्या थोडी वर. दुकानदाराचा आकडा येण्याआधी आपला तयार हवा.) मे महिना होता. देव्हाऱ्याचा खालचा खण मी टूलरूमच्या हाताने बसवला, वरखाली मिळून मिलिमीटरच्या दोन दशांशाएवढीच फट. खण ढकलला की आतली हवा निघताना सुस्स असा आवाज यायचा आणि तो सावकाश आपोआप मिटल्यासारखा बंद व्हायचा. आल्या-गेल्याला मी तो आवाज ऐकवला. व्याही चहा घेऊन निघाले होते, त्यांना परत बोलावून ऐकवला.

जूनच्या अखेरीस आवाज बंद झाला. मी म्हटलं, खण आता रुळला. आषाढी एकादशीला सकाळी सौ.ने ओढला तर हलेना. वाती आत, काडेपेटी आत, कापूर आत. मी दोन्ही हातांनी ओढला, मूठ हातात आली. शेवटी देव्हारा भिंतीपासून काढला, मागच्या प्लायचे स्क्रू सोडवले आणि आतून ठोकून खण बाहेर काढला. देव बाजूला पाटावर बसले होते. "तुमच्या त्या सुस्सचं काय झालं?" एवढंच ती म्हणाली.

मी खणाच्या दर्शनी फळीला रंधा मारला आणि नंतर वर्षभर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तिची उंची वर्नियरने, म्हणजे मिलिमीटरचा दशांशही दाखवणाऱ्या मापयंत्राने, मोजून खणाच्या तळाला पेन्सिलीने लिहीत गेलो. आकडे अजून तिथे आहेत. ऑगस्टमध्ये १२०.१, पुढच्या मे महिन्यात ११८.८. म्हणजे बारा सेंटीमीटरच्या, चांगल्या वाळलेल्या सागवानाच्या फळीत १.३ मिलिमीटरचं येणं-जाणं. सागवान तर त्यातल्या त्यात स्थिर लाकूड. रेषांच्या दिशेने, लांबीत, मात्र मला वर्षभर काहीच फरक सापडला नाही. लोखंड तापलं की सगळीकडून वाढतं. लाकूड ओल पिऊन फुगतं ते रेषांना आडवं. त्यातही ओंडका कसा चिरला आहे त्यावर असतं. वर्षवलयं फळीच्या तोंडाला समांतर दिसत असतील तर ती फळी वलयं उभी असलेल्या फळीच्या जवळजवळ दुप्पट फुगते. फळी घेताना टोकाकडून बघायची ती यासाठी.

तेव्हा आपल्या पुण्याच्या वाचकांसाठी. खण किंवा दार भर पावसाळ्यात बसवत असाल तर नेटकं बसवा, ते याहून फार वाढणार नाही. मार्च-एप्रिल-मेमध्ये बसवत असाल तर फट सोडा. मी दर दहा-बारा सेंटीमीटर रुंदीला एक रुपयाचं नाणं फटीत सरकेल एवढी सोडतो. आणि जुलैत दार अडकलं की लगेच सुताराला बोलावून रंधा मारून घेऊ नका. कुठे घासतं तिथे मेणबत्ती चोळा आणि दसऱ्यापर्यंत कळ काढा. जुलैत रंधा मारलेलं दार दिवाळीला खुळखुळतं, मग कडी लावायला गुडघा लावावा लागतो. त्याआधी एक करा. दार बिजागऱ्यांवरून उतरवायची वेळ कधी आली तर खालची कड बघा, आणि स्टुलावर चढून वरची. दहातल्या आठ घरांत त्या कडा कोऱ्या असतात. समोरून दिसत नाहीत म्हणून रंगारी तिथे ब्रश नेत नाही, आणि पाणी नेमकं तिथूनच आत शिरतं. दोन कडांना दोन हात रंग, निम्मा त्रास गेला.

जुन्या लोकांना हे वर्नियरशिवाय ठाऊक होतं. जुन्या बाजारात मला वाड्याच्या दाराची एक झडप मिळाली. ती मी खोलली. चारी बाजूंची चौकट कुसू (एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत) घालून, वर लाकडी खुंट्या मारून पक्की केलेली. मधली फळी मात्र चौकटीच्या खाचेत नुसती उभी, तिला खिळा नाही की सरस नाही. खाचेत दोन्हीकडे सुतभर मोकळी जागा. पावसाळ्यात फळी त्या जागेत पसरत असणार आणि उन्हाळ्यात परत येत असणार. कुणाच्या लक्षातही येत नसेल. आपण आजकाल ती फळी फेव्हिकॉल लावून चिकटवतो आणि दोन वर्षांत उभी चिरली की लाकडाला नावं ठेवतो.

अशा जुन्या लाकडावर रंधा चालवण्याआधी चुंबक फिरवावं. मी बंद पडलेल्या स्पीकरचं काढून ठेवलं आहे. आत मोडलेला खिळा असेल तर हाताला ओढ लागते. पितळी खिळा मात्र चुंबकाला सापडत नाही, तो डोळ्यांनीच शोधायचा. माझ्या रंध्याच्या पात्याला पडलेला दाता अशाच एका पितळी खिळ्याचा.

बिजागरीचा स्क्रू सैल झाला की भोकात काड्यापेटीच्या काड्या आणि डिंक घाला, ही आपली पाचवी युक्ती बरोबर आहे, पण हलक्या दारापुरतीच. हल्लीच्या काड्या इतक्या भुसभुशीत असतात की मुख्य दाराचं वजन त्यांच्यावर टाकू नये. मी बुरूड आळीतून बांबूच्या कामट्या आणतो. लोखंडाच्या एका पट्टीला ७, ६.५ आणि ६ मिलिमीटरची भोकं ड्रिल करून ठेवली आहेत. कामटी चाकूने जेमतेम गोल करायची आणि मोठ्या भोकातून लहान भोकात हातोडीने ठोकत न्यायची. पट्टीची कड तिला सोलते आणि खालून गुळगुळीत खुंटी पडते. बिजागरीचं भोक ६ चं करून खुंटी डिंकासह ठोका, एक दिवस जाऊ द्या, मग तिच्या मध्यात बारीक भोक पाडून स्क्रू घाला. आमच्या पुढच्या दाराच्या तीन बिजागऱ्या अशाच खुंट्यांवर आहेत. स्क्रूला साबण लावण्याऐवजी मेणबत्तीचं मेण लावा, साबण ओल धरतो आणि स्क्रू गंजतो. पितळी स्क्रू असेल तर आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आत-बाहेर करून वाट पाडायची. पितळेचं डोकं एकदा तुटलं की उरलेला दांडा काढण्यात रविवार जातो.

प्लायबद्दल एक दुरुस्ती. 'चांगली बाजू वर ठेवून कापा' हे हातकरवतीला बरोबर आहे, कारण तिचे दात खाली ढकलताना कापतात. हातात धरायच्या गोल करवतीचं पातं खालून वर कापत येतं, तिथे चांगली बाजू खाली हवी, नाही तर सनमायकाच्या कपच्या उडतात. दोन्हीकडे रेघेवर आधी धारदार चाकू फिरवून घ्यावा हे उत्तम. आणि प्लायसाठी खाच करताना दुकानातल्या आकड्यावर जाऊ नका. १९ म्हणून घेतलेला प्लाय माझ्या वर्नियरला १८ च्याही खाली भरला. खाच पावतीच्या मापाची नको, समोरच्या तुकड्याच्या मापाची हवी.

चिकटवण्याचं थोडक्यात. सागवान तेलकट असतं, म्हणून डिंक लावायच्या अगदी आधी जोडाची जागा थिनरच्या फडक्याने पुसा. क्लॅम्प नसतील तर सायकलची जुनी ट्यूब लांब पट्टीसारखी कापून ताणून गुंडाळा. वेड्यावाकड्या खुर्चीच्या पायाला जशी ट्यूब बसते तसा कोणताही क्लॅम्प बसत नाही. बाहेर आलेला डिंक ओल्या बोटाने पुसू नका, तो रेषांत शिरतो आणि पॉलिश केल्यावर तिथे पांढुरका डाग उमटतो. अर्ध्या-पाऊण तासाने तो रबरासारखा झाला की पटाशीने अलगद उचलायचा. फळीवर हातोडी पडून खड्डा पडला असेल तर ओलं फडकं ठेवून इस्त्री टेकवा, दबलेल्या रेषा वाफेने उठतात. पण लाकूड कोरं हवं. पॉलिशवर इस्त्री टेकवलीत तर काय होतं ते आमच्या टीपॉयवर येऊन बघा.

शेवटचा मुद्दा गंभीर आहे आणि तो छापला नाहीत तर बाकीचं नाही छापलंत तरी चालेल. 'जवसाचं तेल फडक्याने चोळा, सुंदर झळाळी येते' असं आपण लिहिलं. येते. पण त्या फडक्याचं पुढे काय करायचं हे लिहिलं नाही. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून सुकत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्या क्रियेत उष्णता निघते. फडकं पसरलेलं असेल तर ती निघून जाते. बोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकलंत, त्यावर भुसा पडला, तर उष्णता आत कोंडते आणि काही तासांत, कधी रात्रीतून, ठिणगी नसताना फडकं पेट घेऊ शकतं. मी एकदा असा बोळा बाकड्याखाली टाकून जेवायला बसलो. परत येऊन उचलला तर गरम भजी हातात आल्यासारखा वाटला. तेव्हापासून फडकं गॅलरीच्या कठड्यावर एकेरी पसरून वाळवतो, पत्र्यासारखं कडक झालं की मगच कचऱ्यात. घाई असेल तर पाण्याच्या बादलीत.

यंत्रांची यादी आपण चौकटीत दिली आहे. ती घेण्याची ऐपत आणि ठेवायची जागा ज्यांना आहे त्यांनी जरूर घ्यावीत. गॅलरीवाल्यांनी आधी एक पटाशी आणि एक रंधा घेऊन ते धारेला लावायला शिकावं. काचेच्या तुकड्यावर पाणी शिंपडून बारीक पॉलिश पेपर चिकटवला तरी धार लागते, साधारण तीस अंशांत. धार लागली की नाही हे पाइनच्या फळीच्या टोकावर, रेषांना आडवं कापून बघायचं. रेषा चुरगळल्या तर परत काचेकडे.

तिसऱ्या युक्तीची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त फिटर
कर्वेनगर, पुणे

ता. क. शेजाऱ्यांच्या पाच फळ्यांच्या टोकांना मी सागवानाची पातळ पट्टी चिकटवून दिली आहे. नवीन टेप त्यांनी आणला. तो घरी आल्यावर त्यांनी आधी हुक हलवून पाहिला आणि माझी बेल वाजवली, "हाही सैलच निघाला!"